तांदळाच्या चहाची ठकुबाई

माझ्या वैनीबद्दल, ठकुबाईबद्दल, कुणी विचारलं की मी आधीच सांगून टाकते, गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या दारी जा. गेलेल्या माणसाबद्दल सगळे गोडच बोलतात. ‘फार माया होती हो बाईला.’ होती ना, माया होती. पण तिच्यात दुसरंही एक होतं आणि मला तेच जास्त आवडायचं. तिला अर्धवट काही जमायचं नाही, ना भाकरी, ना भांडण. सूड घ्यायचा म्हटला तर तोही तिनं पुरता घेतला.

ती माझ्या थोरल्या भावाची, ज्योतीरामची बायको. माहेर चाकणच्या पश्चिमेला, भामा नदीच्या खोऱ्यात, जिथं भात होतो तिकडचं. भाऊ पलटणीत स्वयंपाकी होता. लढाईत सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडला आणि तीन वर्षं त्यांच्या कैदेत राहिला. तिथं त्याला त्यांच्या भटारखान्यात लाकडं फोडायला ठेवला होता. चहाची पत्ती पुरेना, म्हणून एक म्हातारा जपानी आचारी तिच्यात भाजलेला तांदूळ मिसळायचा. आमच्या भावानं ते डोळ्यांनी पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

भाऊ घरी आला तो पोट नासवूनच. दूध पचेना, तिखट पचेना. तेव्हा वैनीनं माहेराहून हातसडीचा तांदूळ आणला, तांबूस सालीचा, आणि नवऱ्याला चुलीपुढं बसवून विचारत विचारत तो चहा जुळवला. तांदूळ भिजवायचा, वाफवायचा, सावलीत सुकवायचा, मग लोखंडी तव्यावर मंद जाळावर तांबडा होईस्तोवर हलवत राहायचं. पहिल्यांदा करपला. दुसऱ्यांदा कच्चा राहिला. तिसऱ्या खेपेला असा खमंग वास सुटला की शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. भाऊ पेलाभर प्यायला आणि म्हणाला, “ठके, ह्योच.” त्यानंतर तो जगला ती आठ-नऊ वर्षं त्या चहावरच जगला म्हटलं तरी चालेल.

पुढं पिंपरीच्या माळावर एक कारखाना उभा राहायला लागला. मराठवाड्याचे, कोकणातले, साताऱ्याकडचे मजूर आले. माझं सासर सांगवीचं, पण माझ्या नवऱ्यालाही तिथं गवंडीकाम मिळालं आणि आम्ही वैनीच्या शेजारीच खोली घेतली. भाऊ-वैनीनं कारखान्याच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली चूल मांडली. एका किटलीत दुधाचा चहा, दुसरीत तांदळाचा. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. आमच्याकडं कोरा चहा मयताच्या घरी होतो. त्या घरची चूल बंद असते, शेजारी किटली भरून आणतात, दूध घालत नाहीत. चांगल्या घरी कुणाला कोरा चहा देणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला मेला म्हणणं. पण वैनीनं बरोबर गुळाचा खडा द्यायला सुरुवात केली, तळाशी राहिलेले दाणे चमच्यानं खायला दिले आणि महिन्याभरात दुधाची किटली तशीच राहायला लागली.

रस्त्यापलीकडं सावळारामचं हॉटेल होतं. पत्र्याचं, बाकडी टाकलेली, घरच्या चार म्हशी, पण गिऱ्हाईक आता वैनीच्या किटलीकडं वळलेलं. माझ्या भावाचा लहानपणापासूनचा दोस्त. पंचावन्न सालच्या आखाडात भाऊ गेला तेव्हा ह्या माणसानं खांदा दिला, रडला, वैनीला म्हणाला, “वैनी, मी हाय, काळजी करू नगा.” ह्याच्या तोंडात माती पडो! दोन महिन्यांत त्यानं काय केलं ते ऐका.

खंडोबाच्या देवळात त्यानं गाव गोळा केलं. पंचांत मुख्य आबाजी पाटील. सावळारामनं वैनीचा चहाचा डबा सगळ्यांपुढं पालथा केला, त्यातले तांदळाचे दाणे वेचून दाखवले. ते काही चोरून नव्हतं, आख्ख्या माळाला माहीत होतं. पण मग तो म्हणाला, “ही बाई माझ्या हॉटेलच्या मागनं उष्ट्या चहाचा चोथा उचलती, वाळवती, तांदळाबरोबर भाजती आन् तुमास्नी पाजती. मी डोळ्यांनी बघितलंय.”

वैनी किंचाळली, “खोटं! साफ खोटं!”

तर त्यानं देवापुढं जाऊन बेलभंडारा उचलला. हळदीनं पिवळी झालेली मूठ सगळ्यांना दाखवली. “खंडोबाची आन, मी बघितलंय.”

झालं. आमच्याकडं भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही, एवढं सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. कुणी थुंकलं, कुणी ओकारी काढली. उष्टं पाजलं म्हणजे केवढी गोष्ट! आबाजी पाटलांनी मान खाली घालून सांगितलं, बाईनं चूल उचलावी. वैनी चूल उचलायला गेली तोवर सावळारामनं ती लाथेनं फोडली होती. माझ्या भावानं स्वतःच्या हातानं लिंपलेली चूल. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण माझ्या नवऱ्यानं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.

त्या दिवसापासून वैनीच्या हातचं पाणी कुणी पिईना. कुणाच्या पंगतीला तिला बोलावणं नाही, आणि कुणाच्या घरी तिनं पीठ मळायला हात लावला तर ते पीठ बाजूला सारलं जायचं. ती बांधकामावर घमेली उचलायला लागली. मी एकदा म्हटलं, “वैनी, चल, माहेरी जाऊ, दे सगळं सोडून.”

ती म्हणाली, “मंजुळे, मला चूल नगं, जागा नगं. त्यानं त्याच देवळात, त्याच माणसांपुढं म्हणावं, मी खोटं बोललो. तेवढं ऐकल्याबिगर मी हितनं हालत न्हाई.”

दोन वर्षं ती तेवढ्यासाठी राहिली. सावळारामचं हॉटेल वाढलं, पत्रे जाऊन कौलं आली. येता-जाता तो तिला बघून खाकरायचा. ती घमेलं डोक्यावर घेऊन सरळ पुढं जायची.

सत्तावन्न साली कारखान्यात यंत्रं आली आणि ती बसवायला एक जपानी साहेब आला. ओकुमुरा त्याचं नाव. किडकिडीत, चष्मेवाला, पोटानं हैराण. आपलं जेवण त्याला सोसेना, भात-मीठ खाऊन दिवस काढायचा. वैनी दुपारच्या सुट्टीत मजुरांच्या छपरामागं तीन दगड मांडून स्वतःपुरता तांदूळ भाजायची. ती सवय तिनं सोडली नव्हती. एक दिवस तो साहेब तिकडून चालला होता, थबकला. कुत्र्यासारखं नाक वर करून हुंगलं आणि सरळ येऊन तिच्या समोर उकिडवा बसला. आम्ही बाया हसायला लागलो. त्यानं तव्यातला एक दाणा उचलला, चावला आणि पळतच गेला.

परत आला तो हातात पत्र्याचा डबा घेऊन, मागं स्टोअरकीपर लक्ष्मणराव. डब्यात हिरवी पत्ती, सुकलेल्या गवतासारखी. वैनीनं दोन बोटांत धरून वास घेतला, भाजलेले दाणे तिच्यात मिसळले, पाण्याला उकळी आल्यावर उतरवून जरा दम खाऊ दिला आणि ओतलं. साहेबानं वाटी दोन्ही हातांत धरली, प्यायला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लक्ष्मणराव म्हणाले, “बाई, साहेब म्हणतायत त्यांची आई असाच करते.”

मला काही ते रुचलं नाही. मी नंतर तिला टोचलंच, “ज्यांनी माझ्या भावाचं पोट नासवलं त्यांच्यातलाच हा. त्याला पाजतीस?”

“ह्यानं नासवलं का? माझा राग एकाच जाग्यावर ठेवलाय, मंजुळे. वाटून वाटून बारीक करायचा न्हाई मला.”

तेव्हापासून साहेब रोज दुपारी छपरामागं येऊन बसायचा. मला सोडलं तर तिच्या हातचं घेणारा तो माळावरचा पहिला माणूस, तोही परका. चार महिने असे गेले.

मग बातमी आली की साहेबाच्या कंपनीचे तीन मोठे लोक जपानहून येणार आहेत. कारखान्याच्या मॅनेजरनं ठरवलं, त्यांना तोच तांदळाचा चहा द्यायचा, आणि जो तो चहा नीट करील त्याला फाटकातलं नवं कँटीन चालवायला द्यायचं. ओकुमुरा साहेब पाहुण्यांना आणायला मुंबईला गेला होता. लक्ष्मणरावांनी ठकुबाईचं नाव सुचवलं. मॅनेजरनं गावात चौकशी केली तर काय ऐकू येणार? उष्टं पाजणारी बाई! आणि सावळाराम तर तिथं हात बांधून उभाच होता. “साहेब, त्यात काय एवढं? मला येतो की तो चहा.”

येत काय होता, कपाळ! लक्ष्मणरावांकडून हिरव्या पत्तीचा डबा मात्र घेऊन आला. आता लक्ष्मणरावांनाच चहाची रीत विचारावी तर थाप उघडी पडायची. आला मग नाक मुठीत धरून वैनीच्या दारात. हातात नारळ आणि लुगडं. मी तिथंच धान्य निवडत बसले होते, माझ्या हातातलं सूप खाली पडलं.

“वैनी,” तो म्हणाला, “झालं गेलं गंगेला मिळालं. ज्योतीचा मी दोस्त. तेवढा चहा कसा करायचा सांगा, कँटीनमधी तुमाला भांड्याला ठेवतो.”

भांड्याला! मला वाटलं वैनी आता पाट्यावरचा वरवंटा उचलणार. ती शांत बसली होती. म्हणाली, “ऐक. हातसडीचा तांदूळ घे, सालीसकट. पांढरा न्हाई. भिजव, वाफव, सुकव, कोरडाच भाज. तूप न्हाई. पत्ती चिमूटभर, तांदूळ तेवढाच. पाणी उकळलं की उतरव, जरा निवू दे, मग ओत. दूध न्हाई, साखर न्हाई, गूळ न्हाई.”

“गूळ तर तुमी द्यायच्या की.”

“तो आपल्या लोकांसाठी. त्यास्नी नगं.”

तो तिच्याकडं बघत राहिला. “मोठ्या पाहुण्यास्नी कोरा चहा? मयत झालंय व्हय कारखान्यात? आन् हलक्या तांदळाचा?”

“तसाच असतो.”

“खरं सांगताय?”

वैनी उठली, देव्हाऱ्यातला भंडारा मुठीत घेतला. “खंडोबाची आन. सांगितलं त्यातलं अक्षर खोटं न्हाई.”

तो गेला आणि मी तिच्यावर तुटून पडले. “अगं डोकं फिरलं का तुझं? माझ्या भावाची विद्या त्या हरामखोराला दिलीस? सगळं खरं खरं सांगितलंस?”

“सगळं खरं सांगितलं,” ती म्हणाली आणि माझं सांडलेलं धान्य भरायला लागली. त्या रागात मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

गुरुवारी पाहुणे आले. कारखान्याच्या अंगणात मांडव, टेबलं, हार-तुरे. गावचे म्हणून आबाजी पाटलांना आणि पंचांना पुढं बसवलं होतं. आम्ही मजूर बाया मागच्या भिंतीपाशी. सावळाराम नवं धोतर, जरीचा फेटा घालून आला. त्याच्या माणसांनी पितळी पातेलं आणलं, झाकण काढलं, आणि वेलदोड्या-जायफळाचा घमघमाट आमच्यापर्यंत आला. मी वैनीकडं बघितलं. तिचा चेहरा दगडासारखा.

कपांत ओतलं ते काय होतं म्हणून सांगू! चार म्हशींचं आटवलेलं दूध, त्यात ती हिरवी पत्ती शिजून शिजून शेवाळासारखी झालेली, वर तुपाचे डोळे तरंगतायत, आणि पांढराशुभ्र तांदूळ तुपात तळून टाकलेला, तो फुगून तळाशी बसलेला. साखर इतकी की कपाच्या काठाला बोट चिकटावं. पाहुणे बिचारे रीतीचे. वाकले, कप उचलला, घोट घेतला. एकाला जायफळ लागून ठसका आला तो थांबेना. दुसऱ्यानं तोंडातला घोट तसाच धरून ठेवला, गिळावा की काय करावं ते त्याला कळेना. ओकुमुरा साहेबानं कपात बघितलं, मग आपला डबा मागितला. तो उघडला तर रिकामा. दोन महिन्यांची पत्ती सावळारामनं एका पातेल्यात उकळली होती. तो साहेब डब्याकडं असा बघत उभा राहिला की मलाही क्षणभर वाईट वाटलं.

मॅनेजर लाल झाला. “काय हे? तुला येतो म्हणाला होतास ना?”

लक्ष्मणराव मधे बोलले, “साहेब, ह्याला ठकुबाईनं सगळी रीत सांगितली होती. मला तिनं त्याच दिवशी येऊन सांगितलं, की ह्याला अमुक अमुक सांगितलंय, तुम्ही ध्यानात ठेवा.”

सावळारामला घाम फुटला. “सांगितलं हुतं, साहेब, पण मला वाटलं ती मला बुडवायला बघतीय! दूध नगं, साखर नगं, हलका तांदूळ घे! पाहुण्याला असं कोण देतं? मला वाटलं समदं उलटं सांगतीय, म्हणून मी त्याच्या उलट केलं!”

आबाजी पाटील म्हणाले, “भंडारा उचलून घ्यायचास की तिच्याकडनं.”

“घेतला हुता की भंडारा तिनं! पण भंडाऱ्याचं काय घेऊन बसलात पाटील, सूड घ्यायचा असला म्हंजे माणूस भंडारा उचलून कायपण बोलतं!”

तो बोलून गेला. आबाजी पाटील खुर्चीतून सावकाश उठले आणि त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. “तुला कसं ठावं, सावळाराम? आमच्यातल्या कुणाला ते ठावं न्हाई.”

सावळाराम फेटा सावरायला लागला. पाटलांनी परत विचारलं, “तू कवा बोललास?” त्यानं मान खाली घातली, ती वर केलीच नाही. तिथल्या तिथं सगळ्यांना कळलं. माझ्या शेजारच्या बाईनं, दोन वर्षं वैनीच्या घागरीला न शिवलेल्या बाईनं, रडत तिचा हात धरायला हात पुढं केला. वैनीनं आपला हात पदराखाली घेतला. ती माझ्या कानाशी एवढंच म्हणाली, “जो एकदा भंडारा हातात घिऊन खोटं बोललाय त्याला दुसऱ्याचा भंडारा खरा वाटत न्हाई. मला तेवढं ठावं हुतं.”

त्या रविवारी देवळात परत सगळे जमले. सावळारामनं देवापुढं उभं राहून सांगितलं, “मी खोटं बोललो. ठकुबाईनं कुणाला उष्टं पाजलं न्हाई.”

वैनी म्हणाली, “मागं बायकांस्नी ऐकू आलं न्हाई. परत सांग.”

त्यानं परत सांगितलं. वैनी म्हणाली, “बाहेर पायरीवर माणसं हायेत. परत.” तिसऱ्या वेळी त्याचा आवाज फाटला आणि तो तिच्या पायांवर पडला. आबाजी पाटील म्हणाले, “ठकुबाई, आता मोठं मन कर. माफ केलं म्हण.”

“न्हाई,” वैनी म्हणाली.

“अगं, देवाच्या दारात...”

“खोटं बी देवाच्या दारातच बोलला हुता की. कबूल केलं, ते मी ऐकलं. माफ करीन म्हणून मी कवा म्हणले?” आणि ती पाय सोडवून घेऊन पायऱ्या उतरली. मी तिच्या जागी असते तर त्याला चौथ्यांदा सांगायला लावलं असतं.

कँटीन तिला मिळालं. दुधाचा चहा ठेवायचीच, तांदळाचाही ठेवायची. गाव तिच्या हातचं प्यायला लागलं, काही तर लाजेपोटी दोन दोन पेले प्यायचे. ती सगळ्यांना द्यायची, पण ज्या बायांनी तिचं पीठ बाजूला सारलं होतं त्यांच्याशी मरेपर्यंत बोलली नाही. माझ्या नवऱ्याशीसुद्धा वर्षभर अबोला होता, त्यानं माझं मनगट धरलं होतं म्हणून. हॉटेल मात्र ओस पडलं. खोटा भंडारा उचलणाऱ्याच्या घरचं कोण खाणार?

एकोणसाठ साली सावळारामला लकवा झाला. एक अंग गेलं, वाचा अर्धी गेली. उन्हाळ्यात त्याची बायको यशोदाबाई कँटीनवर आली. मी तिथंच भांडी घासत होते. वैनीनं तिला बसवलं, चहा दिला, दाणे खायला चमचा दिला. त्या बाईनं काही केलेलं नव्हतं, हे वैनीही जाणून होती. यशोदाबाईनं पेल्याला तोंड लावलं नाही. ती हुंदके देत म्हणाली, “वैनी, चार दिस झाले, अन्न न्हाई, घोटभर पाण्यावर हायेत. जीव जात न्हाई त्यांचा. तुमचंच नाव घेत्यात. एकदा येऊन माफ केलं म्हणा. न्हाईतर हितनंच म्हणा, मी जाऊन सांगते.”

वैनीनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. “जीव अडकलाय म्हणतीस?”

“व्हय, वैनी.”

“अडकू दे.”

यशोदाबाई उठून गेली. मी वैनीच्या तोंडाकडं बघितलं. ती रडत होती, पण शब्द परत घेतला नाही. सावळाराम त्यानंतर अकरा दिवस तसाच पडून होता.